अडीच हजार वर्षांच्या प्याल्यावर मारलेली टिचकी

या, अशा जवळ येऊन बसा, म्हणजे मला ओरडून बोलायला नको. आणि आधी थोडं रागावू द्या. गेल्या गणपतीत मंडळाच्या हॉलवर तुमच्यापैकीच एकीनं नवीन आलेल्या मुलीला माझी ओळख करून दिली, "या सुलभाकाकू, म्युझियममध्ये सिक्युरिटीत होत्या." अगं बायांनो, इतकी वर्षं एका टेबलावर पॉटलक जेवतोय आपण, आणि सिक्युरिटी? माझी उंची तरी बघायचीत! फरशी पुसायची म्हणाला असतात तर चाललं असतं. ती मी सहा वर्षं पुसली, आणि चांगली पुसली. पण त्याच्यापुढची तेरा वर्षं मी तिथं काय केलं, ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत. आता मंडळाच्या अंकवाल्यांनी लिहायला सांगितलंय, तेव्हा ऐकून घ्यावं लागेल.

म्युझियममध्ये काचेच्या पेटीत तुम्ही एखादी मूर्ती बघता, एखादं भांडं बघता. कुणी तिरकं उभं असतं, कुणी अर्धं हवेत. ते तसं राहतं कशावर, हा प्रश्न तुम्हाला पडत नाही. तो पडू नये, हेच माझं काम. वस्तूला खालून, मागून धरून ठेवणारा पितळेचा एक हात असतो, त्याला माउंट म्हणतात. पितळी सळई तापवायची, वस्तूच्या अंगाप्रमाणे वळवायची, जिथं टेकणार तिथं मऊ अस्तर चढवायचं, आणि शेवटी वस्तूचाच रंग देऊन तो हात नाहीसा करायचा. लोक येऊन म्हणाले, "वॉव, इट्स फ्लोटिंग," की मी मागे उभी राहून मनातल्या मनात म्हणायची, फ्लोटिंग कसलं, चार रात्री माझी पाठ दुखली आहे त्याच्यासाठी.

शिकले कुठं म्हणाल, तर शाळेत नाही. माझं माहेर भंडाऱ्याचं. वडील पितळी भांडी करायचे. घराच्या पुढच्या खोलीत दिवसभर ठोक-ठोक-ठोक. जेवताना ठोके थांबले की आम्हा भावंडांना चुकल्यासारखं व्हायचं. मी मुलगी, त्यामुळे मला कुणी हातोडी दिली नाही, पण बघायला कोण अडवणार? अमेरिकेत आल्यावर यांची नोकरी गाड्यांच्या कारखान्यात, नोव्हाय गावात घर, मुलगी शाळेत, आणि मी कॉलेजच्या एका छोट्या म्युझियममध्ये सफाईला. तिथं तळघरात फ्रँक नावाचा म्हातारा माउंट करायचा. एकदा मी कचऱ्याचा डबा घ्यायला गेले, तर तो थंड सळई वाकवत होता आणि ती कोपऱ्यात तडकत होती. तिसरी तडकली तेव्हा माझ्यानं राहवेना. म्हटलं, "फ्रँक, आधी लाल कर, मग गार होऊ दे, मग वाकव. लोण्यासारखी येईल." त्यानं माझ्याकडे बघितलं, मॉपकडे बघितलं, आणि गॅसची बत्ती माझ्या हातात दिली. दोन वर्षांनी तो रिटायर झाला, तेव्हा त्यानं स्वतःच्या कानशी मला देऊन टाकल्या. अशी ही माझी पदवी.

नमुनेदार माणसंही खूप भेटली. एक बाई होत्या, आजोबांचा पाइप म्युझियमला दिला आणि रोज फोन करायच्या, त्याचा स्टँड सोन्याचा दिसला पाहिजे म्हणून. मी त्यांना तळघरात बोलावून पितळ घासून दाखवलं. जाताना त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या घरचे दिवे असे करून देशील का?" दुसरा आमचा डिझायनर केव्हिन. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट तरंगायला हवी असे. तीस किलोचा दगडी सिंह आला तरी त्याचं एकच, "सू, कॅन इट फ्लोट?"

पण आज मला सांगायचंय त्या प्याल्याबद्दल.

ग्रीक दालन नव्यानं मांडायचं ठरलं आणि मधोमध ठेवायला तो प्याला निघाला. मातीचा, अथेन्समध्ये घडवलेला, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. आपल्या परातीला एक उंच पाय लावावा आणि दोन बाजूंना कान काढावेत, साधारण तसा आकार. पण कडा इतकी पातळ, की नानकटाईसारखी मोडेल असं वाटावं. हा वाइन प्यायचा प्याला. तिकडचे लोक कोचावर आडवे होऊन, वाइनमध्ये पाणी घालून यातून पीत. बाहेरच्या एका अंगावर हेराक्लीस सिंहाशी झोंबतोय, दुसऱ्या अंगावर थीसिअस बैलाला दोरीनं जखडतोय. आणि आत, तळाशी, गोल चौकटीत एक पंखवाली बाई धावतेय.

मार्गरेटनं मला त्या बाईची गोष्ट सांगितली. मार्गरेट म्हणजे आमची कॉन्झर्व्हेटर, वस्तूंची डॉक्टरच म्हणा. साठीची, काडीसारखी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. कुठलीही वस्तू उचलण्याआधी ती तिला "एक्स्क्यूज मी" म्हणायची. माणसांना क्वचितच. (नाव मी बदललंय, तिला आपलं नाव छापलेलं आवडणार नाही, आणि म्युझियमचं नावही म्हणूनच लिहीत नाही.)

तर ती धावणारी बाई पहाटेची देवी. हातात वीणेसारखं वाद्य घेतलेला एक पोरगा पुढं पळतोय, त्याच्यावर तिचं मन बसलंय. पुढं तिनं मोठ्या देवाकडे त्याच्यासाठी अमर होण्याचा वर मागितला. मिळाला. पण त्याचं तारुण्य टिकू दे, हे मागायला विसरली. ती रोज पहाटे तशीच ताजी, आणि हा म्हातारा, आणखी म्हातारा, आणखी म्हातारा होत गेला आणि मरेना. शेवटी म्हणे त्याचा नुसता आवाज उरला.

"आणि हे चित्र वाइनच्या खाली असायचं?" मी विचारलं.

"हो. घोट घेत जाशील तसं वर येणार. आधी पंखांची टोकं, मग तिचा चेहरा. सगळ्यात शेवटी त्याचा."

मी खुर्चीवर बसले. कुणीतरी बसून हे योजलं होतं, की पिणारा माणूस तळाशी पोचेल तेव्हा त्याला कोण दिसावं.

आणि रंगाचं ऐका. त्यात रंग नाहीच! लाल दिसते ती नुसती भाजलेली माती. काळं दिसतं ते त्याच मातीचं गाळलेलं पाणी. भट्टीत आधी हवा सोडायची, मग भट्टी कोंडून धूर करायचा, मग पुन्हा हवा. आपले कुंभार आवा झाकून काळी मडकी भाजतात, ती युक्ती अर्धी हीच. पण एकाच भांड्यावर काळं काळं राहावं आणि लाल लाल, आणि मधली रेघ केसाएवढी? मार्गरेटनं दिवा आडवा धरला तेव्हा ती रेघ जरा उंच दिसली, मेंदीच्या कोनातून सोडल्यासारखी. एक पापणी, एका रेघेत. हात कापला असता तर पुसायची सोय नाही. मी सारखी म्हणत होते, "अगं बाई, अगं बाई," आणि मार्गरेट म्हणाली, "आय नो."

प्याल्याची वरची वाटी अख्खी, कुठं चीर नाही. हे फार दुर्मीळ. बाकी असे प्याले तुकडे जोडून उभे केलेले असतात. पायाच्या दांडीपाशी थोडा रंग मागाहून लावलेला होता, खालची पोकळी प्लास्टरनं बुजवलेली होती. मार्गरेटनं रिपोर्टात लिहिलं होतं, जुनी, किरकोळ डागडुजी, पक्की. त्या भरवशावर केव्हिननं ठरवलं, प्याला जवळजवळ उभा तिरका करायचा, म्हणजे दारातूनच आतली देवी दिसेल. दांडीला एक चिमटा, काठाला दोन नख्या, बस. "लाइक इट्स फ्लाइंग, सू!"

आता आमची पद्धत अशी, की माउंट करणारीनं खऱ्या वस्तूला जवळजवळ हात लावायचाच नाही. पुठ्ठ्याचे साचे कापायचे, त्यावर काम करायचं, आणि शेवटी मापं जुळवायला एक-दोनदा वस्तू आणायची, तेही कॉन्झर्व्हेटर समोर असताना. तशी पहिली जुळवणी सुरू होती. माझ्या हातात रबरी हातमोजे, प्याला मऊ कड्यावर, माझा डावा हात त्याच्या कानाशी. मार्गरेट म्हणाली, "हलू नकोस, छोटा दिवा आणते," आणि पाठ वळवून कपाटापाशी गेली.

आणि मी त्याच्यावर टिचकी मारली.

काय सांगू तुम्हाला! मी ठरवलं नव्हतं. तुम्ही बाजारात माठ घेताना काय करता? स्टीलचा डबा घेताना? मी लहानपणापासून हातात आलेलं प्रत्येक भांडं वाजवून बघितलेलं आहे. माझे वडील म्हणायचे, "पोरी, डोळ्यानं काहून पाह्यतं? कानानं पाह्य." बोट आपलं आपण गेलं. काठावर, मोज्यातून नखानं, हलकेच.

टण्ण! इतका गोड आवाज, की अंगावर काटा आला. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी जेवणघरात वाजला असेल, तोच. पण त्या आवाजाच्या शेपटीला काहीतरी लागलं होतं. बारीक खर्रर्र. घागरीच्या बुडाचा डाग, म्हणजे सांधा, सुटला, की घागर अशी बोलते. वरून धड, आणि खाली काहीतरी निसटलेलं.

तेव्हा मी दुसरी टिचकी मारली. पहिली चुकून, दुसरी मुद्दाम. पुन्हा तेच. खर्रर्र.

मार्गरेट दिवा घेऊन आली. मी हलले नव्हते.

तिथं नियम कडक. आधी एका मुलानं बिनमोज्यांनी मूर्ती उचलली, तर त्याच दिवशी त्याला घरी पाठवलेलं. आणि मी प्राचीन मातीच्या भांड्यावर टिचकी मारलेली! फरशीवरून तळघरापर्यंत यायला मला सहा वर्षं लागली होती. सांगितलं तर ते सगळं जाणार. नाही सांगितलं, तर नऊ दिवसांनी मीच केलेल्या चिमट्यात तो दांडीवर लटकणार, आणि दांडी आत सुटलेली.

घरी आले. भाजी चिरता चिरता सगळं बोलून टाकलं. अनघा, माझी मुलगी, तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "आई, जस्ट डोन्ट टेल देम. सांग की डिझाइन बरोबर नाही वाटत. हू इज गोइंग टू नो?"

हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, आम्ही प्लांटमध्ये लोखंडाचे ओतीव भाग असेच तपासायचो. हातोडीनं ठोकून. आवाज फाटका आला, की भाग बाजूला."

"अहो, पण तो तुमचा भाग होता. हा माझा आहे का?"

"आवाज फाटका होता ना?"

"होता."

"मग?"

एवढंच बोलले आणि पुन्हा पेपरात शिरले. यांचं असंच असतं.

सकाळी मार्गरेट कॉफी ओतत होती. मी दारातच उभी राहिले आणि म्हटलं, "मी काल प्याला वाजवला."

"वाजवला म्हणजे?"

मी कपावर टिचकी मारून दाखवली, कॉफीच्या. तिनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"एकदा?"

"दोनदा."

"सुलभा," ती म्हणाली. एरवी सगळे मला सू म्हणायचे, ती पहिल्यांदा पूर्ण नाव म्हणाली. "मी तुला त्याच्यापाशी सोडून दोन मिनिटं गेले होते."

"पायाचा डाग सुटलाय, मार्गरेट. दांडी आतून धरलेली नाही. त्याला लटकवू नका."

"मी तो तपासलाय."

"डोळ्यानं," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

तिनं हात पुढं केला. मी लॅबची किल्ली दिली. "बाहेर बस."

मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले. समोरची फरशी माझ्याच ओळखीची होती. वाटलं, चला, मॉप कुठं असतो ते माहीत आहे. पण खरं सांगू का, नोकरीपेक्षा मला तो आवाज छळत होता. पहिला अर्धा. तो पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही, याचंच रडू येत होतं. वेडी बाई!

तासाभरानं दार उघडलं. मार्गरेटच्या हातात कापसाची काडी होती, तिचं टोक काळंविटकरी झालं होतं. ती म्हणाली, "ये. बघ."

तिनं दांडीच्या रंगावर अ‍ॅसिटोन, आपण नेलपॉलिश काढतो तेच, थेंबभर लावलं होतं. रंग उतरला. खाली प्लास्टर. प्लास्टरमध्ये सुईएवढी वाट केली, तर आत लाकडाची खुंटी. कुणीतरी कधीतरी, दांडी वाटीपासून पार तुटल्यावर, आत खुंटी ठोकून सरसानं चिकटवली होती आणि वरून रंग देऊन मोकळा झाला होता. सरस वाळून त्याचा भुगा झालेला. वाटी खुंटीवर नुसती टेकली होती. इतकी वर्षं.

"तिरका केला असता तर..." ती म्हणाली आणि काडी खाली ठेवली.

पाय सोडवायला तिला तीन दिवस लागले. कोमट वाफ, लाकडी काडी, थांबणं. मला किल्ली परत मिळाली नव्हती, पण तिसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं. हात मागे बांधून उभी राहा, म्हणाली. मी उभी राहिले. तिनं "एक्स्क्यूज मी" म्हटलं, आणि पाय अलगद वाटीपासून वेगळा झाला.

जिथं दांडी मुळात वाटीला जोडली होती, तिथं कुंभारानं ओल्या मातीचा चिखल अंगठ्यानं दाबून भरला होता. तो अंगठा तिथंच होता. म्हणजे त्याचा ठसा. रेघा, वळणं, सगळं, बँकेच्या कागदावर असतो तसा स्वच्छ. एका कडेला अंगठ्याचं नख रुतल्याची खूण. माणूस घाईत असावा. किंवा नख वाढलेलं असावं.

मी खूप वेळ बघत राहिले. देवी, सिंह, बैल, सगळं विसरले. या प्याल्यावर जे काढलं ते लोकांनी बघावं म्हणून काढलं होतं. हे कुणी बघू नये अशा जागी होतं. तो माणूस जोड दाबून उठला असेल, हात धुतले असतील, जेवला असेल. मार्गरेटच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती मला म्हणत होती, "डोन्ट टच," आणि मी म्हणत होते, "नाही गं बाई, हात मागेच आहेत."

मग तिनं नव्या, पुन्हा सोडवता येईल अशा गोंदानं पाय जोडला. ठसा आत बंद झाला. काम झाल्यावर मी जरा भीतभीतच विचारलं, "वाजवून बघू?"

"अ‍ॅब्सोल्यूटली नॉट," ती म्हणाली.

आणि मला लेखी ताकीद मिळाली. हो तर! तुम्हाला वाटलं असेल, हार घातला असेल. नियम तो नियम. एका पानाचा कागद, माझ्या फायलीत अजून आहे, आणि त्यात एक अट, की यापुढं मी मातीच्या कुठल्याही प्राचीन वस्तूला हात लावायचा नाही. मार्गरेटनंच ती घातली, आणि माझ्या डोळ्यांत बघून वाचून दाखवली. तिच्या स्वतःच्या रिपोर्टात तिनं लिहिलं, "माझी पहिली तपासणी चुकीची होती. दोष सुलभानं ऐकला." "ऐकला" हाच शब्द. दोन्ही कागद तिनंच टाइप केले. मला त्या बाईचा राग कधी आला नाही.

माउंट मात्र मलाच करायचं होतं. केव्हिन रुसला, "बट इट वॉज सपोज्ड टू फ्लाय!" मी म्हटलं, "बाबा, त्याला आता बसू दे." दांडीवर भार नको, म्हणून वाटीच्या पोटाखालून एक पितळी कडं केलं, तीन बारीक पायांवर, सगळं वजन त्या कड्यावर. पाय नुसता खाली टेकल्यासारखा दिसतो, पण तो काहीच उचलत नाही. हे कडं मी प्याल्याला हात न लावता केलं. पुठ्ठ्यावर, लाकडी नकलेवर, आणि मग मार्गरेट प्याला धरायची, मी वाकून प्रकाश कुठून येतो ते बघायची, पुन्हा कानस, पुन्हा बघायची. अकरा वेळा. बाराव्या वेळी तिनं प्याला ठेवला, हात सोडले, आणि आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या. मग ती म्हणाली, "तो बसलाय." मी बत्ती विझवली.

माझ्या तेरा वर्षांतलं ते सगळ्यात चांगलं काम. आणि नेमकं तेच हातांनी जोखता आलं नाही. जोड भरला, खुंटी गेली, तेव्हा त्या प्याल्याचा आवाज आता पूर्ण येत असणार, शेपटीला काही न लागता. असणार, असं म्हणते मी. मला माहीत नाही. कुणालाच नाही, आणि कळूही नये.

आता मी रिटायर, मार्गरेट ऑरेगॉनला बहिणीपाशी. प्याला तिथंच आहे, माझ्या कड्यावर, जवळजवळ आडवा. दारातून काही दिसत नाही, काळी कडा तेवढी. लोक तसेच पुढं जातात. आत कोण आहे ते बघायचं तर काचेपाशी जाऊन चांगलं कमरेत वाकावं लागतं, मग आधी पंखांची टोकं दिसतात. तेव्हा असं करा, मधल्या वारी सकाळी माझ्याकडे या, चहा घेऊ आणि मी गाडी काढते. मुलांनाही आणा, त्यांना मी उचलून धरीन. फक्त फार दिवस लावू नका. माझे गुडघे वाकताहेत, तोवर या.